समुद्रानं नेलेल्या चपला

सक्करदरा, नागपूर
ता. ११ फेब्रुवारी

चि. नंदिनीले मायचा जयभीम. जावयालेही सांग.

मी खुशाल आहे. तुमच्या मौद्याची थंडी कमी झाली का? तू म्हणशील, रोज फोन होते, मंग मायले पत्र काहून सुचलं? फोनवर तूच बोलत राहते वं, मी नुसती हूं हूं करते. तुझी पायल म्हणत होती, "आजी, तू सांग, मी टाइप करते." म्हटलं, नको. तिसरी शिकली मी, अक्षर वाकडं असलं तरी माझं राहू दे.

तुझ्या पोरीनं मले खरंच अंदमान दाखवलं. विमानात मी खिडकी सोडली नाही. मंग नील बेटाचं जहाज. अर्धे लोक ओकून राहिले होते अन मी चिवडा खाऊन राहिली होती. बेट एवढंसं, ऑटोवाल्यानं एका सकाळीच सारं फिरवलं. सुपारीची झाडं, त्यांच्या मधात भाजीचे वावर, वांगे तर आपल्यासारखेच. मी उतरून हात लावून पाहिले. काचेच्या बुडाच्या नावेतून मासे दिसले, हळद लागलेल्या नवरीसारखे पिवळे. मी टाळ्या वाजवल्या. लोक हसले, हसू दे.

दुसऱ्या दिवशी चपला पाण्याच्या काठावर काढल्या अन फिराले गेली. तलावावर नाही का आपण ठेवत? येऊन पाहते तर चपलाही नाही अन काठही नाही.

पायल म्हणते, "आजी, हा सक्करदऱ्याचा तलाव नाही वं! भरतीले समुद्र पुढं येते."

"मंग आधी सांगायचं ना!"

अनवाणी चालली तर पोवळ्याच्या दगडानं तळवा कापला. आता बरा आहे, घाबरू नको. ऑटोवाल्यानं तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं.

नर्स तुझ्याच वयाची. रांचीची. माझा पाय मांडीवर घेऊन धुतला. रस्त्यानं जाणारे लोक तिले हाका मारत होते, कोणी पपई आणून देल्ली. मी विचारलं, "बाई, एवढ्या दूर करमलं कसं?" ती हसली. म्हणे, "तेईस की थी अम्मा, जब ऑर्डर आया. माँ बहुत रोई. फिर वो भी यहीं आ गई मेरे पास."

तिची मायही येऊन राहिली होती, नंदिनी. तिथंच, क्वार्टरात. हे मले सुचलंच नव्हतं.

पट्टी बांधून झाली तरी मी उठली नाही. पायलले वाटलं, पाय दुखते.

तू आजही म्हणते, "मी त्या नर्सच्या नोकरीच्या परीक्षेत पास नव्हती झाली." पोरीलेही तेच सांगते. तू पास होती. तुझं पाकीट आलं होतं. तू पारशिवनीले मावशीकडं गेली होती. पोस्टमनले मीच वाचाले लावलं. तो म्हणे, "माई, पोरगी लागली! अंदमानले, नर्स." मी त्याले चहा पाजला अन पाकीट लोखंडी पेटीत पातळांखाली घातलं. तू आल्यावर विचारलं, "काही आलं का वं?" मी म्हटलं, नाही. दोन महिने तू रोज विचारत होती.

मनाले सांगितलं, ते काळं पाणी, कैद्यांची जागा, पोरीले कसं धाडू. ते निमित्त होतं. तुझे बाबा जाऊन चारच महिने झाले होते. घरात तू अन मी. मले एकटीनं राहायचं नव्हतं, एवढंच.

पुढच्या साली तुझं लग्न लावलं, तशीही एकटीच राहिली. कधी वाटते, तू गेली असती तर पायल नसती झाली. पण हे माझ्या बाजूनं बोलणं झालं. ते राहू दे.

पायलले काही माहीत नाही. तुले वाटलं तर सांग.

पाकीट सोबत ठेवलं आहे. कागद पिवळा पडला पण तुझं नाव साफ दिसते. सोबत धाडलेल्या पिशवीत तुझ्यासाठी शिंपले आहेत, ते मंग पाहा. फोन लगेच करू नको. जेव्हा यावं वाटेल तेव्हा ये, नाही वाटलं तरी मी घरीच आहे.

तुले जाऊ न देणारी,
तुझी माय
जया