राखेलबाईंनी न सांगितलेला नियम

नेकारसुल्म,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय ऊर्मिला,

तू बरी असशील, बाळाची सर्दी उतरली असेल. देवदत्तला आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. इथे सकाळभर धुकं असतं. बारशाचं आमंत्रण मिळालं. येणार की नाही, हे या पत्राच्या उत्तरावर ठरेल. फोन करत नाही, कारण फोनवर तू हसतेस, मग मीही हसते आणि विषय राहून जातो.

रविवारचं आधी क्रमाने लिहिते. काही चुकलं असेल तर दुरुस्त कर.

१. अँटवर्पमधली कर्मठ ज्यू लोकांची वस्ती बघायचं तू ठरवलंस. तिथे राहणाऱ्या राखेलबाई पाहुण्यांना वस्ती दाखवतात. त्यांच्याशी फोनवर तूच बोललीस.

२. शनिवारी मी तुझ्याकडे कोलोनला मुक्कामाला आले, तेव्हा तू नियम सांगितलेस. कोपर झाकलेलं हवं, स्कर्ट गुडघ्याखाली, पॅन्ट नको. पुरुषांपुढे हात करायचा नाही. लोकांचे फोटो काढायचे नाहीत. गळ्यात दुसऱ्या धर्माचं काही नको.

३. मी धम्मचक्राचं पदक काढून तुझ्या बाथरूममधल्या फळीवर ठेवलं. आईने दिल्यापासून ते पहिल्यांदा उतरवलं.

४. गाडीत तुझ्या गळ्यात गणपती होता आणि सासूबाईंच्या गळ्यात मंगळसूत्र. मी विचारलं तर म्हणालीस, "अगं, मंगळसूत्र काय, ते असतंच." गणपतीबद्दल बोलली नाहीस.

५. मी राखेलबाईंना विचारलं.

यापुढचं आकड्यांत मावत नाही.

त्या बेकरीच्या दारात आपली वाट बघत होत्या. या दोघींनी गळ्यातलं आत घालायचं का, असं मी जर्मनमध्ये विचारलं. त्यांनी वाकून तुझा गणपती पाहिला. "हत्ती आहे का? छान आहे. मी गळ्याबद्दल काही बोलले नव्हते. वरचं बटण लावा म्हणाले होते." मग तुझ्याकडे वळल्या, "नाही का?" तू म्हणालीस, "आल्झो... म्हणजे, मी जरा जास्तच काळजी घेतली."

माझ्या कामात चाचणी घेणाऱ्याने स्वतःची अट मध्येच घुसवली, तर आम्ही तो निकाल बाद करतो. तेव्हाही मला वाटलं, इतकंच झालं असेल. बाळंतपणानंतर तुझी झोप होत नाही, गोंधळ उडाला असेल.

मग बेकरीत पाव घेतला. दाढीवाल्या दुकानदाराने सुटे पैसे माझ्या हातात दिले नाहीत. काउंटरवर ठेवले आणि नजर वळवली. ऊर्मिला, माझ्या आजीच्या गावात पैसे असेच ठेवायचे. मी ते उचलायला एक क्षण जास्त घेतला. तुझ्या लक्षात आलं होतं.

सासूबाईंनाही त्याने तसेच ठेवून दिले. त्या मराठीत माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघ गं दीपा. आपण काय महार-मांग आहोत का, हातात न द्यायला?"

राखेलबाईंना शब्द कळले नाहीत, चेहरा कळला. त्यांनी लगेच सांगितलं, घरच्या बाईखेरीज तो कुठल्याच बाईच्या हाताला हात लावत नाही, त्याच्या बायकोच्या मैत्रिणींनाही असेच देतो. मला तो नियम पटला नाही, पण त्यात लपवाछपवी नव्हती. तो सगळ्यांना सारखा होता आणि आधी सांगितलेला होता.

मी तुझ्याकडे बघत होते. तू बाबागाडीचा टप नीट करत होतीस.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही गायकवाड म्हणजे बडोद्याकडचे का?" मी तोंड उघडण्याआधी तू म्हणालीस, "हो आई, त्यांच्यातलेच."

तेव्हा कळलं की तो गळ्याचा नियम त्या वस्तीचा नव्हताच. तुझ्या गाडीचा होता. सासूबाई आल्यापासून मी धम्मदीपाची 'दीपा' का झाले, तेही कळलं. मला ते लाडाचं वाटलं होतं.

आखेनला आपण तीन वर्षं एका खोलीत काढली. नागपूरला तू माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्लीस, चौदा एप्रिलला आमच्याबरोबर मिरवणुकीत चाललीस, निळा फेटा बांधून फोटो काढलास. म्हणजे तुला माहीत नव्हतं असं नाही. सासूबाईंवर माझा राग नाही. त्या कोणाशी बोलत होत्या, ते त्यांना ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं आणि तू टप नीट करत होतीस.

परत येताना मी झोपले होते असं तुला वाटलं. झोपले नव्हते, हेच सगळं जुळवत होते.

देवदत्तला बहीण नाही म्हणून आत्या होऊन बाळाच्या कानात नाव मी सांगावं, असं तू म्हणालीस. मला ते हवं आहे. पण त्याच्या कानाशी खोट्या नावाची बाई वाकणार नाही. मी येईन ती धम्मदीपा म्हणून, पदक बाहेर ठेवून. नाही तर येणार नाही. सासूबाईंना मी काही कळवणार नाही. ते काम तुझं आहे. बेकरीत त्या काय बोलल्या, तेही त्यांना सांग, आणि शेजारी कोण उभं होतं ते सांग.

सांगितलंस की नाही, एवढंच शुक्रवार, २१ नोव्हेंबरपर्यंत पत्राने कळव.

जय भीम.

धम्मदीपा गायकवाड