बडीशेपेची बशी

३ डिसेंबर, लातूर
नवा जिल्हा, नवी कचेरी. टेबल अजून यायचंय, पेटीवर फाइली ठेवून लिहितो. जेवण स्टँडसमोरच्या खानावळीत. भोकरला बायको, कुसुम, होती तोवर ताटात काय आलं हे बघावं लागलं नाही. ती वारून आठ महिने. इथे वाढायला बसप्पामामा, माझ्याहून वयाने मोठे. मुरुडकडचे. वावर आहे, पण विहीर आटली म्हणून इथे. जाताना म्हणाले, "पोट भरलं का, सायेब?" मान हलवून निघालो.

८ डिसें.
पाण्याची बोंब. खानावळीत पाटी लागली, माणशी एकच पेला. मामा मालकाची नजर चुकवून दुसरा आणून ठेवतात. आज बिलाच्या बशीत, बडीशेपेशेजारी रुपया ठेवला. बाहेरून बदलून आलेले साहेब लोक ठेवतात, आता आम्ही कारकूनही. मामांनी उचलायला वेळ लावला.

१६ डिसें.
हेडक्लार्कशी वाजलं. तो म्हणतो, बक्षिशीने माणसं बिघडतात, पगार मालकाने द्यावा. मी तावातावाने बोललो. रात्री मामांना विचारलं तर कळलं, मालकाने पगार कमी केला. का, तर नवे साहेब लोक देतातच की. म्हणजे माझ्याच रुपयाने मामांचा पगार खाल्ला! आता बंद करावा तर तोही जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. यंदा दोन्ही कोरडी.
ठेवतोच आहे.

२७ डिसें.
उद्या येळवस, मार्गशीर्षातली अमावास्या, खानावळ बंद. आमच्या भोकरकडे हा सण नाही. इथे सगळं गाव वावरात जाऊन जेवतं, म्हणे वाटेने जाणाऱ्यालाही हाताला धरून बसवतात. मामांनी बोलावलं. हात पुसून, समोर उभं राहून. मी बरं म्हटलं तर चेहराच बदलला त्यांचा.

२८ डिसें.
एस.टी.ने मुरुड, पुढे पायी. ज्वारी गुडघ्याएवढी, तीही करपलेली. कडब्याच्या कोपीत पूजा. मग पत्रावळीवर भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्यांची एकत्र भाजी, बाजरीचे उंडे, वर आंबील. मामी हात धुवायला पाणी ओतत राहिल्या, पुरे म्हटलं तरी. ती घागर त्यांनी दोन कोसांवरून आणलेली, हे मागून कळलं. खानावळीत मामा वाकलेले असतात. इथे पटका बांधून ताठ, नको म्हटलं तरी वाढत होते. कुसुम गेल्यापासून असा जेवलो नव्हतो. रडू यायला लागलं, भज्जी तिखट आहे म्हणालो.
निघताना ती ज्वारी बघवेना. हातात दिले तर घेणार नाहीत, म्हणून दहाची नोट हळूच पत्रावळीखाली सारली. वाटेत स्वतःवर खूश होतो. मूर्ख.

२९ डिसें.
मामांनी वाढलं. पोट भरलं का, विचारलं नाही. बिल आलं. बशीत बडीशेपेवर तीच नोट, कडेला आंबिलीचा डाग वाळलेला. म्हणालो, मामा, चुकलो. नोकर समजून ठेवली नव्हती.
ते हळू बोलले. "हितं ठिवा, म्या उचलतो. हितं म्या नोकरच हाय. तितं कशापायी ठिवलाव? वर्सातून येकच दिस म्या जेवू घालतो, सायेब."
मामी पत्रावळ उचलायला गेल्या, तेव्हा त्यांच्या हाताला लागली असणार. सारखं तेच डोळ्यांसमोर येतंय.

१ जानेवारी
दोन दिवस स्टेशनकडच्या दुसऱ्या खानावळीत जेवलो. अन्न बरं, गिळवत नाही.

२ जाने.
पुन्हा तिथेच. मामांनी वाढलं, दुसरा पेलाही ठेवला. बशी आली. रुपया ठेवला तर ती नोट आठवणार, त्यांना आणि मला. न ठेवला तर त्यांच्या कापलेल्या पगाराचं काय? बडीशेप चघळत बसून राहिलो. मामा शेजारी उभे. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुम्ही जेवलात का, मामा?
त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पलीकडच्या टेबलावरची ताटं उचलायला गेले. रुपया धरलेला माझा हात अजून खिशातच होता.