वैलावर राहिलेले रॉड

११ जुलै
उशीर झाला लिहायला, माफी असावी. नऊ दिवस वही उघडली नाही. माफी कुणाची मागतो तेही धड ठाऊक नाही. कौसा होती तेव्हा सांजच्याला चहा पिता पिता दिवसभराचं काम तिला सांगायचो. ती ऐकायची की नाही देव जाणे, पण हूं म्हणायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता ही वही. वही हूं म्हणत नाही.

झड लागली आहे. शेडचा कोपरा गळतो. कपडे वाळत नाहीत.

काम एकच आलं. विष्णूची जीप. जाफराबाद ते राजूरचा गणपती अशी सवारी भरतो तो. मागच्या उजव्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा चेसीच्या ज्या कानात अडकतो, तो कान गंजून पापुद्रा झालेला. बोट दाबलं तर बोट आत गेलं. मी म्हटलं, बाबा रे, एवढे दिवस तू कशावर चालवलीस? म्हणे, "गणपतीवर."

नवा कान कुठंच मिळत नाही. गाडीच निघायची बंद झाली तर तिचे कान कोण काढील. म्हणून लोक माझ्याकडे येतात. पत्रा कापून, वाकवून, मूळच्यासारखा करून देतो. जालन्याला गॅरेजात बावीस वर्षं हेच केलं, आता घरी हेच.

विष्णू म्हणाला, "मिस्त्री, चतुर्थीच्या आत पाह्यजे बघा. ती एक चतुर्थी काढली की हिचं काय करायचं ते बघू मंग."

१२ जुलै
साचा काढला. मी साचे लग्नपत्रिकांचे करतो. कागद जाड असतो, कात्रीला बरा. मागं गाडीवाल्याचं नाव लिहून सुतळीनं गठ्ठा बांधून ठेवतो. हल्ली लग्नाला जाणं होत नाही, पण सगळ्यांच्या पत्रिका गाडीखाली जाऊन येतात.

चष्मा दोनदा शोधला. कपाळावर होता.

मंदाचा फोन मंठ्याहून. रोज एकच. "अण्णा, बास करा आता ते काम. इकडं या." मागं चैत्रात गॅस चालू ठेवून बाहेर गेलो होतो, शेजारणीनं बंद केला. तेव्हा मंदानं माझ्याकडून कबूल करून घेतलं, आता एक जरी मोठी गोष्ट विसरलो तर शेडला कुलूप आणि मंठ्याला जायचं. जावई चांगला आहे. घर चांगलं आहे. पण तिथं मी दिवसभर काय करू. टीव्हीसमोर बसवतात आणि विचारतात, आवाज वाढवू का.

१३ जुलै
सहा एमएमची पट्टी. तापवून वाकवली, भोकं पाडली. एक भोक केसभर सरकलं, ते टाकून दुसरा कान केला. कळलं कुणालाच नसतं. पण मला झोप लागली नसती.

१४ जुलै
जोडला कान.

सकाळी चूल पेटवली. स्वयंपाक गॅसवरच करतो, चूल फक्त रॉडसाठी. झडीत वेल्डिंगचा रॉड ओल धरतो. ओल्या रॉडचा टाका वरून चांगला दिसतो आणि आतून पोकळ राहतो. म्हणून आधी शेकावा लागतो. हे गॅरेजात मला कुणी शिकवलं नव्हतं, कौसानंच सुरू केलं. भाकरी झाल्या की चुलीच्या मागच्या तोंडावर, वैलावर, मंद आचेला रॉड ठेवायची, आणि कापडात धरून शेडमध्ये आणून द्यायची. "घ्या, तुमच्या भाकरी झाल्या." रोज तीच थट्टा. मला कधी हसू आलं नाही तेव्हा.

बारा रॉड ठेवले. तेवढ्यात विष्णू हॉर्न वाजवत दारात. लाइट अकराला जाणार होती. घाईघाईत जॅक लावला आणि काम उरकलं. रॉड फार तडतडत होता. लाइट कमी दाबानं येत असेल.

विष्णूनं मागं चढून दोन उड्या मारल्या. "मिस्त्री, आता हत्ती बसवा." मी म्हटलं, दोन फेऱ्या झाल्या की आणून दाखव. तर हसायलाच लागला. "तुम्ही सगळ्यायलाच बोलावता. सरपंचाची ट्रॉली चारदा बोलावली, चारीदा काही निघालं न्हाई. तिकडं स्टँडवर म्हणून राह्यले, मिस्त्रीला काम दिलं की सोयरीक होते, येणं-जाणं सुटत न्हाई."

हसू दे. घरी कुणी आलेलं बरंच असतं.

१६ जुलै
काय लिहू.

फवाऱ्याच्या पंपाचं हँडल तुटलेलं आलं. किरकोळ काम. रॉड शेकावेत म्हणून चुलीपाशी गेलो तर वैलावर रॉड. थंडगार. मोजले. बाराच्या बारा.

खाली बसलो. पुन्हा मोजले.

मग जीपला लावले ते कोणते? शेडमध्ये गेलो. कोपऱ्यातली पिशवी, वर गळतं तिथली. त्यातले निम्मे कमी. उरलेल्यांचा लेप नखानं निघाला.

तेच रॉड घेऊन दोन भंगार पट्ट्या जोडल्या. टाका दिसायला सुरेख. शिकंज्यात धरून घण मारला. तिसऱ्या घावाला तुटला. आतून मधाच्या पोळ्यासारखा.

सवारी बसते जीपमध्ये. चौदा-पंधरा. वर टपावर वेगळी.

१७ जुलै
विष्णूला फोन केला. खरं तोंडापर्यंत आलं होतं. बाहेर आलं ते असं : "गाडी जरा आणून दाखव, एक बोल्ट आवळायचा राहिला."

"काय मिस्त्री, तुमचं नेहमीचंच."

"ये रे."

"सवारी भरून राह्यलो. चतुर्थी होऊ द्या, येतो चहाला."

फोन ठेवला. दुसऱ्यांदा लावला. "आता काय नट का?" म्हणाला, आणि मागं कुणीतरी हसलं.

दोष त्याचा नाही. वीस गाड्या उगाच बोलावल्या मी, एकविसावी खरी निघाली.

पण मी बोल्ट का म्हणालो? रॉड म्हणालो असतो तर तो आला असता. आणि रॉड म्हणालो असतो तर स्टँडवर कळलं असतं, स्टँडवरनं मंठ्याला. मिस्त्री विसरला. मग कुलूप.

मंदाचा फोन आला. "काय चाललंय अण्णा?" "काही न्हाई." "आवाज असा का?" "झड आहे."

१९ जुलै, चतुर्थी
राजूरला जाऊन आलो. एसटीनं. फोनवर जमत नाही तर तोंडावर सांगू, असं ठरवून निघालो. सबंध रस्ता तेच वाक्य मनात म्हणत होतो. विष्णू, माझ्या हातून चूक झाली, गाडी उभी कर.

गर्दी खूप. जीपा ओळीनं लागलेल्या. एकेकीच्या मागं जाऊन वाकून बघायला लागलो. एक ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, काही पडलं का तुमचं?" मी म्हटलं, हो. बिचारा मोबाइलची बॅटरी लावून माझ्याबरोबर चिखलात शोधायला लागला. काय पडलं ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

शेवटी सापडली. हिरवी, मागच्या फाळक्यावर मोर काढलेला. गच्च भरलेली, निघायच्या बेतात. खाली वाकलो तर कानावर चिखलाचा थर. टाका दिसेना.

विष्णू खाली उतरला. "अरे मिस्त्री! दर्शनाला?"

आत उजव्या अंगाला, बरोबर त्या चाकावर, एक पोरसवदा बाई लेकराला पाजत बसली होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "हो, दर्शनाला."

म्हणजे गणपतीच्या दारात खोटं बोललो. दर्शन तर घेतलंच नव्हतं.

गाडी थांबव असं म्हणता आलं नाही, म्हणून मी चढलो. दुसरं काही सुचलं नाही. "सरका बाई," म्हणून त्या लेकुरवाळीला डावीकडं बसवलं आणि त्या चाकावर मी बसलो. काय होणार होतं त्यानं? वजन तर वाढलंच. पण बसलो. जाफराबादपर्यंत तळाच्या पत्र्यावर हात ठेवून. प्रत्येक खड्ड्याला खालून कट्ट असा आवाज यायचा, की माझ्याच गुडघ्यातून यायचा. ती बाई म्हणाली, "बाबा, घाबरता का गाडीला?" तिनं मला फुटाणे दिले. मुठीत धरून बसलो.

पोचलो. सगळे उतरले. लेकरू झोपलेलं होतं.

आता सांगावं म्हणून विष्णूकडं वळलो तर तो वाकून माझ्या पाया पडला. "तुमच्या कानानं चतुर्थी काढली बघा."

घरी आलो. फुटाणे ओले झाले होते, कोंबड्यांना टाकले.

२० जुलै
धरला आहे टाका. चतुर्थीची गर्दी धरली तर पुढंही धरील. असं सकाळी वाटलं. दुपारी घण मारलेला तुकडा पुन्हा हातात घेतला. नाही वाटलं.

२२ जुलै
आज सांगितलं. पाय उचलून गेलोच जाफराबादला. विष्णू हॉटेलाबाहेर बाकावर बसलेला, जीप नव्हती. मी बसलोसुद्धा नाही. रॉड, वैल, पिशवी, सगळं एका दमात सांगितलं. लाइटीचं निमित्त सांगितलं नाही.

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मिस्त्री, गाडी तर परवा गेली. इकली मी."

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीच. घेणारा घाटाकडचा, चिखलीच्या पुढचा कुठला तरी. मेंढरं आहेत त्याची. तळ हलवायला पाहिजे होती, मेंढरं चालत आणि घरची माणसं, करडं, कोंबड्या, भांडी जीपमध्ये. कागद अजून विष्णूच्याच नावावर. गावाचं नाव नीट विचारलं नाही. नंबर दिला आहे तो लागत नाही. माझ्यासमोर सहा वेळा लावला. रेंजमध्ये नाही.

मग विष्णू बोलला. आवाज चढवला नाही त्यानं, चढवला असता तर बरं.

"त्या दिशी फोनवर सांगितलं असतं तर मी उभी केली नसती का गाडी? माझी दोन्ही लेकरं चतुर्थीला त्यातच आल्ती."

त्यानं फोन खिशात घातला.

"अन् तुम्ही त्या चाकावर बसले हुते. मला वाटलं, मिस्त्रीला जागा न्हाई भेटली."

चहाला थांबा म्हणाला नाही. पण मी स्टँडपर्यंत आलो तर मागून आला, म्हणाला, चिखलीकडच्या ड्रायव्हरायला सांगून ठेवतो. मोर काढेल गाडी आहे, कुणी न कुणी वळखीन.

२३ जुलै
मंदाला मीच फोन लावला. तिलाही सगळं सांगितलं. मला वाटलं फोन कटला.

मग म्हणाली, "आईचे रॉड व्हय?"

"हो."

रडली. मी उगीच म्हणालो, झड थांबली इकडं.

रविवारी येते म्हणाली, जावई टेम्पो घेऊन येतील. मी हो म्हणालो. कबूल केलेलं आहे. फक्त त्या रविवारपासून पुढं आठ दिवस मागितले. ती म्हणाली, "कशाला आठ दिवस?" मी म्हटलं, गाडी आली तर कान लावायला कुणीतरी पाहिजे ना घरी.

ठीक आहे म्हणाली.

२५ जुलै
विष्णूच्या नावाची पत्रिका गठ्ठ्यातून काढली. त्याच साच्यावर नवा कान केला. भोकं बरोबर. तारेनं खिळ्याला टांगून ठेवला आहे, दारातून आत येताना पहिला तोच दिसावा असा. रोज सकाळी चूल पेटवतो, बारा रॉड वैलावर ठेवतो, आणि शेडमध्ये बसतो. रस्त्यानं कुठलीही जीप आली की उठतो. गुडघे कुरकुरतात.

त्या मेंढरंवाल्याला मी पाहिलेलंही नाही. तरी डोळ्यांसमोर येतो. घाट उतरतोय. मागं बायको, सासू, करडं. पाटा ओरडतोय, आणि तो म्हणतोय जुनी गाडी आहे, ओरडणारच.

२८ जुलै
विष्णू येऊन गेला. नंबर अजून लागत नाही. एकानं देऊळगावच्या बाजूला मोराची गाडी पाहिली म्हणे, एकानं नाही म्हणे. चहा घेतला त्यानं. बशीत ओतून. जाताना खिळ्यावरचा कान हातात घेऊन पाहिला आणि परत टांगला.

मी चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या, त्या त्याच्याकडे दिल्या. चिखलीकडं, देऊळगावकडं जाणाऱ्या ड्रायव्हरांना वाटील. एकवीस लिहिल्या. उभ्या उभ्या वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात. मजकूर इथं उतरवून ठेवतो, म्हणजे काय लिहिलं ते विसरायला नको :

"हिरव्या जीपच्या मालकास नमस्कार. मागच्या फाळक्यावर मोर आहे ती. उजव्या मागच्या पाट्याचा कान मी जोडला आहे. ओल्या रॉडनं जोडला, चूक माझी आहे, विष्णूची नाही. बोल्ट आवळायचा वगैरे काही नाही, टाकाच कच्चा आहे. ही चिठ्ठी मिळेल तिथंच गाडी उभी करा. घाट उतरू नका. बायामाणसं, लेकरं, करडं खाली उतरवा. नवा कान तयार आहे. गाडी आणता येत नसेल तर मी कान आणि मशीन घेऊन येतो, कुठं यायचं तेवढं कळवा. मी येत्या रविवारनंतरही आठ दिवस घरीच आहे, त्यानंतर मंठ्याला मुलीकडे, तिथूनही येईन. विष्णूचा नंबर तुमच्याकडे आहे. सगळे बरे आहात एवढा तरी निरोप लवकर धाडा. वाट बघतो आहे."