तुझा डावा बूट

तारीख अकरा, बुधवार, दुपारचा चहा झाल्यावर

माझ्या लाडक्या ठकूला,

पोटभर आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा काना-मात्रा इकडेतिकडे गेले तर हसायचं नाही. किंवा हसच, म्हणजे राग जरा उतरेल.

तुझं खोकं आलं! कात्री कुठे शोधत बसणार, दोरी दातांनीच तोडली, आहेत त्या दातांनी. आणि आत काय, तर माझ्या नातीच्या हातचे बूट! आजोबांच्या मापाचे केलेस ते मला कळलं, तरी पहिल्यांदा पाय मीच घातले. फटक फटक करत स्वयंपाकघरातून आजोबांच्या बुटांच्या कारखान्यात, तिथून दारात. शेजारची शिंपीण म्हणते, "आजी, लढाईला निघालात की काय?" म्हटलं, "नातीनं केलेत. कोणाला लढायचंय त्यानं पुढे यावं." ती बिचारी मागेच सरकली.

मग आजोबांना दिले. त्यांनी आधी वास घेतला, मग टाच टेबलावर आपटून आवाज ऐकला. त्यांचं बोलणं किती मोजकं, तुला ठाऊकच आहे. लग्नानंतर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते "मेण कुठे ठेवलंस?" असं होतं. मी मेणाला हातसुद्धा लावला नव्हता. असो.

नळ परत गळायला लागलाय. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतो नि येत नाही. माझा गुडघा तसाच, पण खोकं आल्यापासून दुखायचं विसरलाय. बसवतच नाही मला. हे लिहितानाही मध्येच दोनदा उठून खिडकीपर्यंत गेले. तिथे तुझा उजवा बूट ठेवलाय, ऊन लागणार नाही असा.

तू म्हणशील, उजवा खिडकीत, मग डावा कुठे? सांगते. पण तुला ते कळलंच असणार. रविवारी तुझा बाबा आला होता. टेबलावर त्याने जे पाहिलं ते त्याच रात्री तुला सांगितलं असेल, आणि तेव्हापासून तुझा फोन नुसता वाजतोय.

तर हो. डावा बूट आजोबांनी कापला. चामडं कापायची रापी घेतली, टाच उखडली, तळाची शिवण टाका टाका करून उसवली, अस्तर सोलून वेगळं ठेवलं.

तुझा बाबा दारातच ओरडला, "पोरीनं जिवाचं रान केलं आणि तुम्ही चिंध्या केल्यात? बाप आहात की कसाई?"

हे म्हणाले, "आवाज कमी कर. टाका बघतोय."

झालं! चहा तसाच टाकून गेला तो.

आता तू खाली बस आणि हे नीट वाच. या घरात वाईट बूट कोणी कापत नाही. शिकाऊ पोराने पहिला बूट करून मोठ्या कारागिरापुढे ठेवायचा. त्यात काही नसेल तर मोठा म्हणतो, "छान आहे," आणि परत देतो. म्हणजे त्याने दुसरा धंदा बघावा. आणि काही असेल तर रापी घेतो, कारण आतला हात बघायचा तर बाहेरचा बूट मोडावाच लागतो. आजोबांचा पहिला बूट त्यांच्या वडिलांनी सगळ्यांदेखत उघडला होता, नि हे कोपऱ्यात जाऊन रडले होते. सासूबाई सांगायच्या मला. शिकाऊ पोरांना हे आधी सांगत नाहीत. सांगितलं तर उद्या जो तो "माझा कापा, माझा कापा" करत उभा राहील.

तुझ्या बुटावर ह्यांनी खडूने खुणा केल्यात. टाचेपाशी तू घाई केलीस. दोऱ्याला मेण कमी लावलंस. पण बोटांपाशी आले आणि थांबलेच. मला हाक मारली, "इकडे ये, हे बघ. चामडं कुठे ओढायचं हे कळलंय हिला. हे मी कोणाला शिकवू शकलो नाही." ठकू, तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

मग बाबाला हे का नाही सांगितलंस, असं तू विचारशील. अगं, तोंडापर्यंत आलं होतं. पण तुझ्या बाबाला मिसरूड फुटलं तेव्हा त्यानेही बूट केला होता. ह्यांनी हातात घेतला, फिरवला, आणि म्हणाले, "छान आहे." तुझा बाबा विम्याच्या कचेरीत गेला. आपल्या मनानं गेलो म्हणतो. तो बूट अजून त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे, तू लहानपणापासून बघत आलीस. पाहुणे आले की सांगतो, "आमच्या म्हाताऱ्याने जन्मात एकाच बुटाला छान म्हटलंय." त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू?

तो गेल्यापासून आजोबांना चैन नाही. काम हातात घेतात, ठेवतात, दारात जाऊन उभे राहतात. काल जेवताना एकदम म्हणाले, "त्याचाही उघडायला हवा होता. वाईट टाका त्याला दाखवायला हवा होता. मी त्याला टाळलं."

मी म्हटलं, "मग सांगा त्याला."

"सांगतो," म्हणाले. "पण पोरीला येऊ दे. दोघं एकदम येऊ देत."

तर तू ये. उजवा बूट हे उघडणार नाहीत, तो तू त्यांच्यासमोर उघडायचास, असं म्हणतात. आणि येताना बाबाला घेऊन ये. वाटेत त्याला काही सांगू नकोस, जे काय ते बापच सांगेल. मला धाकधूक आहे. सगळं ऐकून तो कायमचा निघून गेला तर? हा विचार आला की मी उगाच भांडी घासायला घेते, घासलेलीच परत घासते. पण तू एकटी आलीस, तर बाबाच्या कानावर जाऊ नये म्हणून तुझं कौतुक मला हळू आवाजात करावं लागेल, आणि हळू बोलणं मला कधी जमलं नाही गं.

सही करा म्हटलं तर हे नको म्हणाले. पण मघापासून मागे उभे राहून वाचतायत, आणि "ये" या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे ठळक काढता येत नाही का?" तिथे जो मेणाचा डाग पडलाय तो त्यांचाच.

तुझी,
सगळ्या गल्लीला सांगून झालेली,
पोटच्या पोराला मात्र सांगू न शकलेली,
आजी