दोन कड्या कमी

४ फेब्रुवारी

यांचं घड्याळ आज मी घरीच लहान केलं! कंपनीने पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेलं, स्टीलच्या पट्ट्याचं. मनगटावर असं गरगर फिरतं की वेळ बघायला हात उलटा करावा लागतो. घड्याळजी म्हणाला, "दोन दिवस ठेवून जा, वहिनी." दोन दिवस! गल्लीभरच्या पँटी मी कंबरेत कमी करून देते, मला दोन कड्या काढता येणार नाहीत?

पट्टा उपडा ठेवला. आतून बारीक बाण कोरलेले होते. नक्षी असेल म्हणून सोडून दिलं. पिनेवर खिळा धरला आणि बत्त्याने ठोकलं. एक पिन वाकडी होऊन निघाली, दुसरी शाबूत. तिनेच पट्टा पुन्हा जोडला. माप अंदाजाने घेतलं. माझा अंदाज चुकत नाही. यांना सांगितलं — घड्याळजीकडून करून आणलं.

५ फेब्रुवारी

चुकला. मनगटावर पट्ट्याचा खटका लागेना! कापडात आत माया सोडलेली असते, उसवलं की झालं. लोखंडात कसली माया? आणि सुटलेल्या कड्या परत जोडायच्या तर पिन वाकडी.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेच म्हणाले, "त्याने मापानेच केलं असणार. मीच सुटलोय गं."

"हो, जरा सुटलायतच," मी म्हटलं. जीभ कशी झडली नाही!

९ फेब्रुवारी

साखर बंद. सकाळी फिरायला जातात. इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडले तेव्हा ढिम्म हलले नाहीत, ते दोन कड्यांनी हलले. आता खरं सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

१३ फेब्रुवारी

नणंदेचा फोन — "वहिनी, दादाला काय वळण लावलंस गं!" कौतुक निमूट घेतलं. निर्लज्जपणा अंगात मुरायला फार वेळ लागत नाही.

१७ फेब्रुवारी

"बूटही घट्ट होतायत," म्हणाले. मी पोट धरून हसले. एकदा मनात बसलं की माणसाला काहीही वाटतं! "ते पण घड्याळजीकडे दिले होते का?" म्हटलं. हेही हसले, आणि हसता हसता जिन्यात धाप लागून थांबले. फिरणं जरा अतीच चाललंय.

२१ फेब्रुवारी

जेवले नाहीत. "उपाशी राहिलो तरी उतरत नाही गं," म्हणाले आणि पुन्हा एकदा खटका लागतो का ते पाहिलं. चेहरा इतका पडलेला की मीही ताट बाजूला सारलं. माझ्या अंदाजापायी हा माणूस उपाशी झोपतोय, आणि मी शहाणी अजून गप्प. लाज वाटते. पुरे झालं.

२२ फेब्रुवारी

घड्याळजीने वाकडी पिन चिमट्यात धरून उजेडाकडे नेली. "वहिनी, बाणाच्या दिशेने ढकलून काढायची असते. ही कुणी ठोकली?"

"भाच्याने." भाचा अजून रांगतो!

नवी पिन आणली. दोन्ही कड्या बसवल्या, या वेळी बाण बघून. मग यांना सगळं सांगून टाकलं. इतके हसले की खोकला आला.

"म्हणजे मी जाड नाही?"

"नाही हो."

"मग उद्या चहात दोन चमचे साखर. आणि कामावर घड्याळ घालून जाणार."

आज मलाही नीट झोप लागेल.

२३ फेब्रुवारी

पट्टा पहिल्याइतकाच मोठा आहे. सगळ्या कड्या जागेवर. मी तीनदा मोजल्या.

खटका लागला नाही.

मनगट हातात घेतलं. सुजलंय. पायावर अंगठा दाबला तर खड्डा भरून येईना. एवढ्या दिवसांत मी एकदाही यांचा हात हातात घेऊन पाहिला नाही. दवाखान्यात निघालोय.