मनगटावरचा आकडा

सोमवार, २ सप्टेंबर

पोहोचलो. ट्रंकेसह आणि, देवाची कृपा, चष्म्यासह. पन्नाशीच्या माणसाला एकाच सकाळी नोकरी, खोली आणि नवा सदरा या तिन्हींचे आश्वासन मिळावे, हा योग माझ्या पत्रिकेत तरी नव्हता.

नोकरी अशी : इथल्या ख्रिस्ती मंडळीच्या साप्ताहिकात पवित्रशास्त्राच्या शेवटच्या पुस्तकातल्या खुणांचा अर्थ सांगायचा. पशू, शिक्के, समया, कोकरा. पाळकसाहेब म्हणाले, लोक एक तर ते वाचून घाबरतात, नाहीतर वाचतच नाहीत. जन्मभर वर्तमानपत्रांना बातमीपत्रे पाठवणारा आणि त्याआधी संस्कृत पाठशाळेत कान पिळून घेतलेला माणूस यासाठी कशाला, असे विचारले. त्यावर म्हणाले, शब्द एक बोलतो आणि अर्थ भलताच असतो, हे तुम्ही लोकांनी फार घोटलंय म्हणे. घोटले आहे खरे. ‘भाले आत शिरले’ म्हटले की भालेवाले शिरले असे समजायचे. मिसरूड फुटण्याआधीची संथा.

खोली शिंपीणताईंच्या घरात, माडीवर. खाली त्यांचे दुकान. घराला दार एकच आणि त्याला आतून भक्कम कडी. मंडळीत बाप्तिस्म्याला आणि शेवटच्या प्रवासाला पांढरा झगा लागतो. ते सगळे झगे ताईंच्या हातचे. माप घेतले की निळी पेन्सिल जिभेवर ओली करून त्या गिऱ्हाइकाच्या उजव्या मनगटावर आकडा लिहितात आणि तोच आकडा कापडाच्या गठ्ठ्यावर. चिठ्ठ्या हरवतात हो, मनगट कुठे हरवतंय, म्हणाल्या. न्यायला आले की म्हणतात, आकडा दाखवा. मला एक्केचाळीस मिळाला. सदऱ्याचे माप घेताना टाळूपासून टाचेपर्यंत फीत धरली, तेव्हा मी दचकलो. तर हसून म्हणाल्या, सवय हो शास्त्रीबुवा, झग्याला लागतं.

रविवार, ८ सप्टेंबर

पहिला लेख दारावर. ख्रिस्त दाराशी उभा राहून ठोठावतो, ही खूण. मी लिहिले, हे दार म्हणजे मन. त्याची कडी आतल्या बाजूला, बाहेरून उघडायची सोयच नाही. तेव्हा सुतारांनी काळजी करू नये. प्रार्थनेनंतर किराणा दुकानदाराने पायरीवर गाठले. खरंच कुणी ठोठावलं तर, म्हणे. मी म्हटले, तर दूधवाला असेल. पायऱ्यांवर हशा पिकला. दुकानदार हसला नाही. त्याची आई अंथरुणाला खिळली आहे.

रविवार, १५ सप्टेंबर

आजचा लेख गाजला. विषय पशूची खूण : उजव्या हातावर वा कपाळावर ती असल्याशिवाय कुणाला काही विकत घेता येणार नाही. मी लिहिले, ही खूण म्हणजे शाईचा डाग नव्हे, सत्तेपुढे वाकलेले मन. आणि शेवट खुसखुशीत केला : डागालाच भ्यायचे तर आधी आमच्या शिंपीणताईंना भ्या. मनगटावर आकडा नसेल तर त्या सख्ख्या भावालाही चड्डी देत नाहीत!

ताई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, पशू केलंत ना मला? मग शिंगं तरी मापाची द्यायची! रस्त्यात अनोळखी लोक थांबवून हात मिळवतात. बातमीपत्रांच्या तीस वर्षांत एकानेही थांबवले नव्हते. खोटे कशाला बोला, गोड वाटले.

गुरुवार, १९ सप्टेंबर

दुकानदाराची आई गेली. पांढऱ्या झग्याच्या बाहीतून मनगट बाहेर आले होते आणि त्यावर ताईंचा निळा आकडा. माझ्यामागे एका बाईने माझे ‘शिंपीणताईंना भ्या’ हे वाक्य म्हटले. शब्दनशब्द माझेच, फक्त त्यात हसू नव्हते.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मरायला टेकलेली माणसेच झगा मापायला सांगतात, मग ती मरतात यात नवल काय? पण हे त्या बाईला मी सांगितले नाही. तिथे बोलणे बरे दिसले नसते, असे तेव्हा वाटले.

शुक्रवार, २० सप्टेंबर

दुकानात चिटपाखरू नाही. समोरचा लोहार विटेच्या तुकड्याने मनगट घासत बसला होता. ताई माडीवर आल्या, दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शास्त्रीबुवा, एक ओळ लिहा. ती थट्टा होती, एवढंच. तुमचं ऐकतात ते.

लिहितो म्हटले.

शनिवार, २१ सप्टेंबर

ओळ लिहिली होती. लेखाच्या शेवटी जोडून पाहिली, तर शेवटच ढेपाळला. थट्टा समजावून सांगितली की मरते, हे कुठलाही लेखक सांगेल. खोडली. पुढच्या अंकात वेगळी चौकट करून देऊ.

रविवार, २२ सप्टेंबर

ताईंनी अंक शेवटपर्यंत वाचला. उलटून मागची बाजूही पाहिली. मग घडी घालून चहाच्या कपाशेजारी ठेवला. सदरा परवा होईल, म्हणाल्या.

माझ्याच्याने वर पाहवले नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर

जे घडले ते घडले तसे लिहितो. निदान इथे तरी.

दुपारी ताई बटणे आणायला गेल्या होत्या. चौकाकडून आरडाओरडा आला, तसा मी खाली उतरून कडी घातली. मग धावती पावले. मग दारावर थापा. म्हणाल्या, शास्त्रीबुवा, मी आहे, उघडा. घर त्यांचे. दार त्यांचे. मी कडीवर हात ठेवून उभा होतो. हात कडीवर होता, हे लिहिलेच पाहिजे. उघडले असते तर मीही दिसलो असतो. श्वाससुद्धा घेतला नाही. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा नुसतेच ठोठावले, हळू, झोपलेल्याला उठवावे तसे.

दाराच्या वरच्या झरोक्यातून माणसे दिसत नव्हती. दिसले ते फक्त उंच धरलेले कपडे घासायचे ब्रश. ब्रश आले. ब्रश गेले. ताईंना घेऊन धुण्याच्या हौदाकडे.

बुधवार, २५ सप्टेंबर

ताईंना पुरले. सगळ्यांचे झगे शिवणाऱ्या बाईला स्वतःचा झगा नव्हता. चादरीत नेले. दोन्ही हात कोपरापर्यंत सोललेले. हृदय थांबलं, म्हणे. दुकानदार रडत होता. म्हणाला, आम्ही फक्त धूत होतो.

पाळकसाहेब खाली मान घालून म्हणाले, पुढचा लेख जरा सौम्य असू द्या.

मला कुणी बोल लावत नाही. लावावा. कुणीतरी लावावा.

गुरुवार, २६ सप्टेंबर

दुपारी भर उन्हात दार वाजले. दूधवाला असेल, असे म्हणून पाहिले. माडीच्या खिडकीतून पाहिले, पायरीवर कुणी नाही. रस्ता लख्ख, लोहार कामात. आणि ठोठावणे चालूच. हळू. झोपलेल्याला उठवावे तसे.

उघडले नाही. पुन्हा नाही—

नंतर खाली शिवणयंत्र चालू झाले. मी जिन्यात बसून ऐकले. लांब शिवण. सदऱ्याला इतकी लांब शिवण नसते.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आकडा परत आला. केव्हाच धुऊन गेला होता. आज उजव्या मनगटावर एक्केचाळीस, निळा, ओला. बोट लावले तर थुंकीचा ओलावा.

साबण. वीट. मग ब्रश घेतला— हातात ब्रश पाहिला आणि—

खाली टेबलावर गठ्ठा आहे. ४१. पांढरा.

शनिवार, २८ सप्टेंबर

डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा सोलला आहे, तरी आकडा तसाच. मांसातही निळा.

ओळ लिहून सकाळी छापखान्यात दिली. ती थट्टा होती आणि ती माझी होती. खिळे जुळवणाऱ्याने वाचली. म्हणाला, आता कुणासाठी?

दुपार. वाजते आहे.

अर्थ लावायचा प्रयत्न केला. दार म्हणजे मन, हात म्हणजे— नाही. दार म्हणजे दार. बाहेर ताई आहेत.

आवाज रागाचा नाही. राग असता तर बरे होते. नेहमीसारखाच, कामातला. आकडा दाखवा, म्हणताहेत.

कडी आतूनच आहे, मी लिहिले होते तशी. वही दारावर टेकवून लिहितो आहे, लाकूड थरथरते आहे. गठ्ठा काखेत घेतला. या वेळी उघडतो, ताई. सोललेल्या हाताने कडी निघत नाही— थांबा, जाऊ नका— निघाली— हा घ्या हात, हा—