पाटावरचे दहा किलोमीटर

सर, रविवारी मी जळगावात दहा किलोमीटर पळाले आणि मला एकोणपन्नास मिनिटं एक्केचाळीस सेकंद लागले. पन्नासच्या आत. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. हे तुम्हाला सांगायचं कारण एवढंच, की पन्नास हा आकडा माझ्या डोक्यात तुम्ही ठोकून बसवलात आणि मग खुशाल मरून गेलात. तुमच्या तेराव्यालाही मी आले नाही. तेव्हा माझ्या शिवणक्लासमध्ये परीक्षेची गडबड आहे असं घरी सांगितलं होतं. गडबड कसली, मला यायचंच नव्हतं.

तुम्हाला बघून कुणी क्रीडाशिक्षक म्हटलं नसतं. पोट पट्ट्यावरून बाहेर आलेलं, गालात तंबाखू, आणि शिट्टी अशी वाजवायचात की त्यातून हवेपेक्षा थुंकी जास्त निघायची. शिंदखेड्याकडच्या आपल्या त्या कॉलेजात अकरावी-बारावीच्या आम्ही पाच मुली कालव्याच्या पाटाच्या कडेने पळायचो आणि तुम्ही मोरीच्या कठड्यावर पेपर पसरून बसायचात. एखादी परत आली की मान वर न करता स्टॉपवॉच बघायचात आणि आकडा असा सांगायचात, जणू भाजीवालीने वजन सांगावं. पळून आलेल्या पोरीला पाणी विचारावं, एवढी साधी अक्कल तुम्हाला कधी सुचली नाही. धुळ्याला मुलींची दहा किलोमीटरची रोड रेस व्हायची. तुमची अट एकच होती: "पन्नासना आत ये, मंग धुयाले लई जासू." मला धुळ्याला जायचं होतं. रेससाठी कमी, आणि घरातून एक दिवस कुणी न विचारता बाहेर पडता येईल म्हणून जास्त. पण जायचं होतं, हे खरं.

आता तर पळणं मोठ्या लोकांचं झालंय सर, तुम्ही बघायला हवे होतात. मेहरूण तलावापाशी पहाटे साडेपाचला स्टेजवर एक बाई नाचते आणि समोर डॉक्टर, सोन्याचे व्यापारी, त्यांच्या सुना, सगळे तिच्यासारखे हात हलवतात. पळायच्या आधी फोटो, पळताना फोटो, पळून झाल्यावर रस्त्यावर आडवं पडून फोटो. एक गृहस्थ पहिले तीन किलोमीटर माझ्या बाजूने पळत मला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होते. "मॅडम, नाकाने, नाकाने." मी म्हटलं, दादा, तुम्ही व्हा पुढे. सहाव्या किलोमीटरला ते पाणी प्यायला थांबले ते मला नंतर दिसलेच नाहीत. शेवटी भाकरीएवढं पदक गळ्यात पडलं, ते तीन तासांत आलेल्यालाही मिळतं, आणि हातात रावेरची दोन केळी. केळं सोलता सोलता मी मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहिली. लेकीने पाठवलेलं घड्याळ आहे, खोटं बोलत नाही. आणि सांगायची लाज वाटते, पण आनंद व्हायच्या आधी मला तुमचं तोंड आठवलं. माझा एवढा चांगला दिवस, तोही तुम्ही नासवलात.

मला आठवतात ते दोन दिवस. पहिला, तुम्ही पाट मोजलात तो. शिंप्याकडून टेप आणून सायकलच्या मागच्या चाकाचा घेर घेतलात, दोन मीटर वीस. चाकाच्या एका तारेला लाल चिंधी बांधलीत. तुम्ही हँडल धरून सायकल ढकलत चालताय, मी बाजूने चालत चिंधी वर आली की मोजतेय. शंभर फेरे झाले की हँडलच्या पिशवीतला एक चिंचोका काढायचा आणि माझ्या कुर्त्याच्या खिशात टाकायचा. म्हणजे एक चिंचोका दोनशेवीस मीटरचा. बावीस चिंचोके आणि वर त्र्याहत्तर फेरे झाले की पाच किलोमीटर, तिथून मागे फिरायचं की दहा. ऊन डोक्यावर आलेलं, तुम्ही मध्येच विचारताय, "कितला व्हयनात?" आणि मी खिशातले चिंचोके तळहातावर घेऊन मोजून सांगतेय. बावीस भरले, वरचे फेरे झाले, तेव्हा तुम्ही तिथल्या बाभळीच्या बुंध्याला चुना फासलात. परत येताना मोजलंही नाहीत. सायकलवर बसलात आणि मला म्हणालात, ये मागून चालत. एवढा घोड्यासारखा माणूस, आणि सगळा रस्ता एका सोळा वर्षांच्या पोरीच्या खिशावर सोडून मोकळा. याला शिक्षक म्हणायचं.

दुसरा दिवस त्यानंतरच्या हिवाळ्यातला. मी जीव तोडून आले होते. मला वाटत होतं की आज झालं. तुम्ही घड्याळ पाहिलंत. "चोपन्न." मग पेपर खाली ठेवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलंत आणि त्या चौघींसमोर म्हणालात, "तू पयस का चालस? कापूस वेचाले जाय, तठे तरी कामनी पडशी." पळतेस की चालतेस म्हणे! त्या हसल्या. त्यातली एक त्रेपन्नवाली होती, तीही हसली. मी त्या दिवसापासून तुमचा तिरस्कार केला, आणि मन लावून केला. आजही मुलींना शिवण शिकवताना कुणी वाकडी टीप मारली की मी उसवायला लावते, पण चारचौघांत कुणाचं माप काढत नाही. एवढंच मी तुमच्याकडून शिकले, तेही उलटं.

त्या दोन वर्षांत पन्नासच्या आत कुणीच आली नाही, म्हणून धुळ्याला कुणीच गेली नाही. मग प्राचार्यांनी सगळ्या स्टाफसमोर तुम्हाला विचारलं, "तुमच्या मुली पळतात की पाटावर फिरायला जातात?" पुढच्या महिन्यात मैदान दुसऱ्या सरांकडे गेलं आणि तुम्ही लायब्ररीत पुस्तकांच्या पाठीला डिंकाने चिठ्ठ्या लावत बसलात. आम्हाला फार गंमत वाटली. निरोपाच्या दिवशी तुम्ही मला आत बोलावलंत. पेपरात गुंडाळलेले पांढरे कॅनव्हासचे बूट पुढे केलेत. "धुयाले जाई तिनासाठे आनेल व्हतात. कोनीच गयं नही. तू ली जाय." तुमची बोटं डिंकाने चिकट झाली होती, पेपर बोटाला चिकटून आला. मी बूट घेतले, नमस्कारही केला नाही. ते मी कधी घातले नाहीत. आईने विचारलं तर म्हटलं, एक नंबर मोठे आहेत. बरोब्बर बसत होते.

रेसनंतर चार दिवसांनी गावी लग्न होतं. हळदीच्या गोंधळातून निसटून मी पाटावर गेले. पाट आता सिमेंटचा झालाय, बाभूळ तोडलीय, पण खोड जमिनीला आहे. मोरीपासून खोडापर्यंत आणि परत, हळदीचं जेवण पोटात घेऊन, हळूहळू पळत गेले आणि आले. लेकीच्या घड्याळात दहा किलोमीटर आठशे ऐंशी मीटर आले. म्हणजे तुमचे दहा हे जवळजवळ अकरा होते. मोरीवर बसून मोबाईलवर भागाकार केला. माझ्या त्या चोपन्न मिनिटांत खरे दहा किलोमीटर एकोणपन्नास अडतीसला झाले होते. रविवारपेक्षा तीन सेकंद आधी. त्या त्रेपन्नवालीचे तर त्याच्याही आधी. ती आता चाळीसगावला असते. मागे भेटली तेव्हा म्हणाली, "आपण कसल्या पळणार होतो गं, सर बरोबर बोलायचे." मी मान हलवली होती.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. तीस वर्षं मी हेच सांगत आलेय, की आमच्या सरांना साधा रस्ता मोजता येत नव्हता, आणि लोक पोट धरून हसत आलेत. नवऱ्याला तुमची चिंधी आणि चिंचोके तोंडपाठ आहेत. हे पत्र त्याला दाखवणार नाही. कुणालाच नाही, मशीनच्या खणात बॉबिनखाली राहील.

पाट मोजला त्या दिवशी संध्याकाळी कुर्ता धुवायला काढला तेव्हा खिशात बोट घातलं आणि ते आरपार बाहेर आलं. शिवण उसवली होती. मला लगेच कळलं. छडी बसेल म्हणून सकाळी सांगायचं ठरवलं, आणि सकाळी तुम्ही त्या चौघींना सांगत होतात, "पोरगी हिशोबाले पक्की शे." तुमच्या तोंडून कुणाबद्दल चांगलं ऐकण्याची ती एकच वेळ. मी गप्प बसले, घरी येऊन खिशाला दुहेरी टीप मारली, आणि मग दोन वर्षं तुमच्या तोंडून चोपन्न ऐकत राहिले. प्राचार्य बोलले तेव्हाही गप्प बसले. बूट घेतले तेव्हाही. फक्त किती पडले असतील, ते मला कधी कळलं नव्हतं. परवा मोरीवर बसून तोही हिशोब केला. दोन, सर. दोनच चिंचोके.